गॅलरीतून बोलायचं नसतं

"ताई, तुमी गॅलरीत बसा," सरपंच हसत म्हणाले. नव्या सभागृहातली पहिली मासिक सभा. बाकीचे सगळे सदस्य खाली अर्धगोलात, सनमायकाच्या बाकांवर. मी एकटी मागे, लोखंडी कठड्याच्या पलीकडे, प्लास्टिकच्या खुर्चीत. मीही निवडून आलेली सदस्यच. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीतून, राखीव जागेवर.

सरपंच एकदा सहलीला दिल्लीला जाऊन आले आणि त्यांना संसदेनं झपाटलं. तिथं आता नवी तिकोनी इमारत झालीये, पण यांचा जीव जुन्या गोल इमारतीवर. मग बेल्ह्याकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचं सभागृह तसलंच गोल उभं राहिलं. भोवती खांब, वर घुमट. आत उंच चौथऱ्यावर सरपंचांची खुर्ची, पुढे मोकळी फरशी, मग बाक, आणि सगळ्यात मागे, पायरीभर उंचीवर, प्रेक्षकांची गॅलरी. तिला दारही वेगळं, बाहेरून. जुन्या खोलीत मी दाराशी सतरंजीवर बसायचे. नवं बांधताना वाटलं होतं, गोल खोलीला कोपरा नसतो. यांनी माझ्यासाठी तोही शोधून काढला.

मी गप्प बसले असते. सवय होती. पण त्या दिवशी मला एकच विषय मांडायचा होता. वस्तीच्या स्मशानाला शेड.

सासूला मी आत्या म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात आत्या गेल्या. गावच्या स्मशानात पत्र्याचं शेड आहे, पण तिथं आमचं मढं चालत नाही. ओढ्याकाठी उघड्यावर सरण रचलं. ते पुन्हा पुन्हा विझत राहिलं. पोरांनी वर ताडपत्री धरली, खाली टायर घातले, डिझेल ओतलं. ताडपत्रीच वितळून त्यांच्या हातांवर पडली. दिवस मावळला तरी आत्यांचे पाय सरणाबाहेर तसेच. बोटांत जोडवी. मी बायांमध्ये लांब उभी होते, तरी दिसत होती. अजून दिसतात. चुलीत लाकूड नीट पेटलं नाही की मी भाकरी टाकून उठते.

घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. आत्यांनंतर ते फारसं बोलत नाहीत. एकदाच विचारलं त्यांनी, "मला कुटं जाळनार गं?" मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

म्हणून मी खुर्चीतून उठले. "माझा विषय घ्या. शेडचा."

आवाज घुमटाला लागला आणि फिरून माझ्याच कानात आला. शेडचा. शेडचा. खाली एकानंही मान वळवली नाही. क्षणभर वाटलं, मी मेलेली आहे आणि ते फक्त मलाच ठाऊक नाही.

सरपंच म्हणाले, "गॅलरीतून बोलायचं नसतं, ताई. दिल्लीतबी चालत न्हाई. तितं नुसतं बघायचं."

"मंग माझी जागा कुटं हाय?"

"आवो, मान दिलाय तुमाला. पावण्यांसारखं बसवलंय."

मान. माझ्या अंगाची आग झाली. जन्म गेला याच गावात, आणि मी पाहुणी. आत्याही पाहुण्याच होत्या का, म्हणून त्यांना पावसात ठेवलं?

कठड्याला आतून फाटक नव्हतं. पदर खोचला आणि कठडा ओलांडला. बाकांमधून चालत चौथऱ्यापुढच्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिले. टीव्हीवर पाहिलं होतं, खासदारांचं कुणी ऐकलं नाही की ते तिथंच येतात. मी म्हणाले, "विषय घेतल्याबिगर मी हितनं हलनार न्हाई."

 मग ग्रामसेवकानं खाली मान घालून विषय लिहून घेतला.

शेड अजून झालेलं नाही. दर सभेला ते पुढच्या सभेवर ढकलतात. मी मात्र बाकावरच बसते. शेजारचे सदस्य अंग चोरून सरकतात. सरकू देत.

सासऱ्यांना मी आता उत्तर दिलंय. "मामा, तुमाला गावच्या शेडात न्येनार. कुनी आडवं आलं तरी. तिरडीम्होरं मी चालनार."

ते आढ्याकडे पाहत राहिले. "पोरांची डोकी फुटतील," म्हणाले.

"फुटू द्या," मी म्हणाले. "पर तुमी पुरं जळाल."