तांबडी धार

सुईणमावशीचं खरं नाव आम्ही कधीच विसरलो. बाईने माणसाचं एकही बाळंतपण केलं नव्हतं, केली ती सगळी गाईम्हशींची. अडलेलं वासरू कोपरापर्यंत हात घालून फिरवायची आणि वर गाईलाच दटावायची, की तुझ्या आईचंही मीच केलंय, नखरे नकोत. गोठ्याच्या बाबतीत ती म्हणेल ती पूर्व दिशा. तिची शेजारीण म्हणून मला केवढा तोरा!

माझी गाय तिच्याच हातून व्याली. कालवड झाली, वारही वेळेवर पडली. पण नंतर गाय चारा नुसता हुंगून सोडायला लागली. रवंथ बंद, कान हाताला पोळायचे. मुतली तर कोऱ्या चहासारखं तांबडं, फेसाळ. मी डॉक्टरला फोन लावत होते, तेवढ्यात मावशी आली.

"ओली बाळंतीण आहे ती," म्हणाली. "पोटातली घाण पडतेय, पडू दे."

मी फोन ठेवला.

शेवटी डॉक्टर आला तो गाय बसली आणि उठेचना तेव्हा. त्याने तिची पापणी उलटी केली. आतून लालसर हवी, ती पांढरीफटक होती. मग कासेमागे बोटं फिरवून फुगलेल्या गोचिडी काढल्या. यांच्यामुळे ताप येतो, रक्त फुटतं आणि मुतावाटे जातं, म्हणाला. विण्याचं रक्त असं धारेत मिसळून येत नाही. इंजेक्शन दिलं त्याने, पण उशीर झाला होता. दुपारी गाय गेली.

अंग गार पडलं तशा गोचिडी सुटून जमिनीवर आल्या. मावशी तिथेच होती, ती खाली बसली आणि एकेक वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायला लागली. माझं डोकंच फिरलं.

"तू आली नसतीस तर माझी गाय जगली असती."

"हो," ती म्हणाली. मान वर केली नाही. मग कालवड माझ्याकडे दे म्हणाली, तेव्हा मी तिला अक्षरशः हाकलली.

कालवड बाटलीला तोंड लावेना. आईला नेलं त्या दिशेला बघून हंबरत राहायची, पाय लटपटायला लागले तिचे. आसपास ताजी व्यालेली गाय एकच, मावशीची. चरफडत मी कालवडीला घेऊन तिच्या दारात गेले.

"आधी तुझ्या गाईची पापणी दाखव."

तिने गाईची मान धरली आणि पापणी उलटली. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. लाल होती. मग मी दावं तिच्या हातात दिलं.