ब्रूनोचा चातुर्मास

समोरच्या काकूंचा कुत्रा, ब्रूनो, जिन्यात अंग खाजवत बसला होता. पाठीवर तळहाताएवढा तांबडा चट्टा, पायरीवर केसांचे पुंजके. डॉक्टरांनी त्याच्या कातडीसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, त्यांचं काय झालं, असं मी दारात उभ्या असलेल्या काकूंना विचारलं.

"अगं, बंद केल्या. आमचा ब्रूनोसुद्धा चातुर्मास पाळतो हो!" काकू कौतुकाने म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळतो? त्याला विचारलं होतं का कुणी? आपल्या भाषेत व्रतही पाळतात आणि कुत्राही पाळतात. पण व्रत पाळायचं तर निदान स्वतःची जीभ आवरावी लागते. इथे पुण्य काकूंना, आणि रक्त येईपर्यंत खाजवायचं त्याने. मुक्या जिवाला उपास घडवणं किती सोपं! तो का म्हणून विचारत नाही, की चोरून खात नाही.

बोलता बोलता काकूंनी हातातल्या बाटलीतून गुडघेदुखीची एक कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली. बाटलीवर माशाचं चित्र होतं. मी त्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हे होय? हे औषध आहे गं," काकू म्हणाल्या.