शिडीवरून उतरवलेला मुलगा

नवऱ्याला सिंगापुरातल्या यिशुनच्या हॉस्पिसमध्ये हलवलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आता फक्त वेदना कमी ठेवायच्या. त्यालाही ते ठाऊक होतं. पुण्याहून आलेल्या आपल्या आईला मात्र तो म्हणाला, इथे अशक्तपणा भरून काढायला ठेवतात. मीही तोंड उघडायचं नाही, असं बजावलं. मी भयंकर चिडले, पण मरणाऱ्या माणसाशी भांडणार कोण?

सासूबाईंनी खोलीत पाऊल ठेवलं आणि आधी मोबाइलवर दिशा बघितली. पोराचे पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला! बरं होणाऱ्या माणसाला असं निजवतात का? त्यांनी माझं डोकं खाल्लं, तेव्हा मी नर्सला विचारलं. ती "कॅन लाह", म्हणजे चालेल की, म्हणाली, चाकांचे ब्रेक काढले, ऑक्सिजनची नळी वाढवून घेतली आणि पलंग फिरवून दिला. सासूबाई निर्धास्त झाल्या.

त्यामुळे इतके दिवस डोक्यामागे असलेली भिंत त्याच्या समोर आली. हॉस्पिस ख्रिस्ती लोकांचं. भिंतीवर एक चित्र होतं, पाचशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राची प्रत. रंग नाही, नुसत्या बारीक काळ्या रेघा. मेलेल्या येशूला क्रुसावरून खाली घेताहेत, मान लुळी, एक हात लोंबतोय. नवरा सिव्हिल इंजिनिअर. म्हणाला, शिडी बघ कशी लावलीय, हे लोक माझ्या साइटवर असते तर कामच बंद पाडलं असतं. आम्ही हसलो. दुसरं काय करणार?

त्याला झोप लागल्यावर सासूबाई चष्मा लावून चित्राजवळ गेल्या. खाली जमिनीवर बसलेली ही कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्याची आई. सगळे वर बघत होते, तिच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. सासूबाई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या.

"तो घरी येणार नाहीये ना?"

मला खोटं बोलवेना. मान हलवली आणि मीच हमसून रडायला लागले. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

"मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आईला वाचवलं, एवढंच समाधान उरलंय त्याला."

तो जागा झाल्यावर त्या उशाशी बसल्या. दिवाळीला पुण्याला येशील त्याच्या आधी तुझी खोली रंगवून घेते, म्हणाल्या, रंग कुठला हवा ते आत्ताच सांग. त्याने थोडा विचार केला आणि फिकट निळा सांगितला.