गुळवेलीचा काढा आणि माझं लिव्हर

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "ऑटोइम्यून हिपॅटायटिस." मी काही विचारायच्या आत शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या, "डॉक्टर, हिनं दारूचा थेंब घेतला नाय कवा. मी हाय साक्षीला."

त्या अवस्थेतही मला हसू आलं. लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, एवढंच आमच्या घरात माहीत.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तात टी-सेल्स नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतूंशी लढणं हे त्यांचं काम. त्यांना आवर घालणाऱ्याही वेगळ्या टी-सेल्स असतात. माझ्या या आवरणाऱ्या पेशी कमी पडल्या होत्या आणि बाकीच्या माझ्याच लिव्हरवर तुटून पडल्या होत्या. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी त्यांना शांत करायचं. नाही झाल्या, तर लिव्हर हळूहळू निकामी होणार.

मी पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दोन महिने नुसता थकवा होता. डोळे पिवळे झालेत हे आधी पाहिलं आईंनीच, म्हणजे सासूबाईंनी, कोळंबी सोलता सोलता. मग तपासण्या सुरू झाल्या. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी किती मरतायत ते सांगणारं रक्तातलं एन्झाइम, सगळ्यात वाढलेलं. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात शिफ्टमध्ये, त्यामुळे प्रत्येक रांगेत सोबत आई. माझी पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या.

गोळ्यांनी तोंड सुजलं, पण तीन आठवड्यांत एसजीपीटी निम्म्यावर आलं. पुढच्या तपासणीत ते पुन्हा चढलं.

"दुसरं काही घेताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

खोटं होतं ते. त्या मधल्या आठवड्यांत आई दर रविवारी ओवे गावातल्या जुन्या घरून गुळवेल आणायच्या आणि रोज सकाळी मला काढा करून द्यायच्या. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. मला त्यांचं मन मोडवत नव्हतं. शिवाय काढ्यानं काय होतंय, असंही वाटायचं.

"खोटं बोलते ती," आई एकदम म्हणाल्या. "मी देते तिला. गुळवेल."

डॉक्टर ओरडले नाहीत. "आजी, हिची प्रतिकारशक्ती कमी नाहीये, ती बेभान झालीय. गुळवेलीनं काहींच्या लिव्हरला सूज येते. हिच्यासारख्यांना तर जास्तच धोका. आजपासून बंद."

रिक्षात बसल्यावर आईंना रडू फुटलं. "मीच मारत व्हते गो तुला."

"मीही मुकाट प्यायलेच ना," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरला. डॉक्टरांसमोर स्वतःची चूक कबूल करायला त्यांना किती जड गेलं असेल! माझ्या जिवासाठी केलं त्यांनी ते. त्या दिवशी त्या मला फार फार आवडल्या.

या आजारातून जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. डॉक्टरांपासून काही लपवू नका, मायेनं दिलेलंसुद्धा. आणि बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड मनानं थांबवू नका.

पुढच्या रविवारी आईंनी ओव्याला जाऊन वेल मुळापासून तोडली. ती चिवट, पुन्हा फुटते. त्या जाऊन पुन्हा तोडतात.

आता रिपोर्ट चांगले आहेत. गोळी लहान झालीय, पण डॉक्टर म्हणतात, ती बरीच वर्षं घ्यावी लागेल. रोज सकाळी आई पाण्याचा पेला घेऊन उभ्या असतात आणि मी गिळेपर्यंत हलत नाहीत.

"अजून किती वर्षं हा पहारा?" मी परवा चिडवलं.

"मी हाय तवर," त्या म्हणाल्या. "मंग तुझं तूच इचारायचं, गोळी घेतलीस का गो? पण माझ्याच आवाजात इचार. नायतर तू ऐकायची नायस."