दरवानाची बाजू

हे लिहायचा मला अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तिथंही प्रयोगांच्या वहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय, त्यांना मी बहुतेक दारातच पाहिलं. चुकलं तर समजून घ्या.

जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या संस्थेच्या दारावर ते बसायचे. कोणी आलं की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे, मग मनगटावरचं, मग वहीत नोंद करून म्हणायचे, "आल्झो, लिहून ठेवलं." आल्झो म्हणजे बरं तर. बाहेर बर्फ पडतंय असं सांगितलं तरी, "लिहून ठेवलं." असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

पहिल्या दिवसापासून ते मला डॉक्टर म्हणायचे. मी म्हटलं, "पीएच.डी.ला अजून चार वर्षं आहेत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तोवर मला सवय होईल."

वहीखाली एक इंग्रजी पुस्तक असायचं. वेल्समधल्या एका पडक्या किल्ल्याचा इतिहास. बर्लिनची भिंत पडायच्या कितीतरी आधी कुणी पाहुणा ते दारावर विसरला होता. तेव्हा पूर्व जर्मनीतून वेल्सला जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी शब्दकोश घेऊन ते वाचून काढलं. अनेकदा. मालक कधीही परत येईल, म्हणून त्याला तपकिरी कव्हर घातलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ते मला किल्ला सांगायचे. चार बुरूज, दुहेरी तट. एका उन्हाळ्यात बंडखोरांनी वेढा घातला. दहा आठवडे किल्ला पडेना. मग एका सकाळी दरवाजा आतून उघडला.

"म्हणजे दरवान फितूर झाला," मी म्हणालो. किल्ला पडला म्हटलं की आपली जीभ आपोआप तिकडेच वळते, तुम्हाला माहीत आहे.

त्यांनी पुस्तक मिटलं. "यातही तेच आहे. कोणी पाहिलं, ते नाही."

पुढचे तीन आठवडे मी डॉक्टर नव्हतो. नुसतं एक नाव आणि वेळ.

कारण आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनी सांगितलं. "पूर्वी इथं कोण कुणाला भेटतं, ते वर गुप्त पोलिसांना कळायचं. माझ्या भावाची नोकरी त्यातच गेली. दारावर वही घेऊन कोण बसायचं?"

"पुरावा आहे?"

"वही आहे ना."

भिंत पडून पंधरा वर्षं झाली होती. गुरुवारी कँटीनमध्ये बटाट्याचे गोळे असत, क्लोस. लोक ट्रे घेऊन उभ्यानं जेवायचे, पण दरवानांच्या टेबलाच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहायच्या. मीही तिथं कधी बसलो नव्हतो. का, ते मला नीट सांगता येत नाही.

माफी कशी मागावी कळेना. शेवटी एकदा दारात थांबून विचारलं, "त्या किल्ल्यात पाणी कुठं होतं?" आमच्या गावामागेही एक किल्ला आहे, नाव घेण्यासारखा नाही. उन्हाळ्यात आई त्याच्या टाक्यातून पाणी आणायची. टाकं आटलं की वर गुराखीसुद्धा थांबत नसे.

त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. "यात विहीर नाही."

"मग तहानेनं उघडला असेल दरवाजा. फितुरी नसेलच."

त्यांचे कान लाल झाले. "लिहून ठेवलं, डॉक्टर," ते म्हणाले आणि टेबलावर पेन शोधू लागले. पेन त्यांच्या हातातच होतं.

मी हे बाईंना उत्साहानं सांगितलं. "निवृत्त झाले की किल्ला बघायला जाणार आहेत."

"मग विहीर कोरडीच निघेल बघ," त्या म्हणाल्या. "त्याला हवी तशी."

मी डॉक्टर झालो त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. मी नोकरीसाठी इंगोलश्टाटला आलो. आठ महिन्यांनी संस्थेतून एक पाकीट आलं. आत पडक्या बुरुजाचं पोस्टकार्ड होतं.

"डॉक्टर, विहीर आहे. मागच्या बुरुजाला लागून. खडा टाकला, पाण्याचा आवाज आला. तिकीट देणाऱ्या बाई म्हणाल्या, ती कधीच आटत नाही. म्हणजे तहान नव्हे. तुमचा तर्क चुकला. लिहून ठेवा."

सोबत टेक्निशियन बाईंची चिठ्ठी होती.

"कार्ड उघडं होतं, म्हणून वाचलं. कोरडी आहे असं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? गुरुवारी ते क्लोस खायला आले होते. मी माझा ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला. भावाचं काही विचारलं नाही. ते विहिरीबद्दल बोलत होते."