पातेल्यावरचं लेबल

आमच्या गावात वर्षातून एकदा शाळेच्या मैदानावर सर्वधर्मीय खाद्यमेळा भरतो. त्या दिवशी सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात, की मला संशयच येतो.

यंदा आमच्या गल्लीतल्या शमीमभाभींनी शीरखुर्मा आणला होता. पातेलं कोरं करकरीत, आणि त्यावर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. शीरखुर्माही विकतचाच आणून ओतला की काय, असं माझ्या मनात आलं. तरी वाटी घेतली, चाटूनपुसून खाल्ली आणि म्हटलं, "भाभी, लेबल काढायचं राहिलं वाटतं."

भाभी हसल्या. "राहिलं नाही ताई, मुद्दाम ठेवलंय. गेल्या साली घरच्या पातेल्यात आणला होता, तर भरलेलं पातेलं तसंच परत न्यावं लागलं. भांडं नवं दिसलं, की लोक खातात."

स्टेजवर 'आपण सारे एक' असं भाषण रंगलं होतं. टाळ्या पडत होत्या. मी हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी 'आज उपास आहे' असं सांगून मी पुढच्या स्टॉलवर गेले होते. कसला उपास, हे भाभींनी तेव्हाही विचारलं नव्हतं.