गेटसमोरची शेवटची सभा

हुबळीतल्या आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनत. परदेशी कंपनीनं तो विकत घेतला तेव्हा मी युनियनचा सेक्रेटरी होतो. आधी पाटी बदलली, मग कॅन्टीन, मग माणसं. कायम कामगारांनी स्वखुशीनं निवृत्ती घ्यावी अशी नोटीस लागली आणि त्यांच्या जागी ओडिशा-बिहारचे कंत्राटी कामगार येऊ लागले.

"सही कुणीच करायची नाही," मी सभेत सांगितलं. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या माझ्या शेजारच्या लेथवरच्या मित्रानं. तो हुबळीजवळच्या कलघटगीचा. मी त्याला अण्णा म्हणायचो. आम्ही भांडायचो कन्नडमध्ये आणि समेट मराठीत करायचो. वीस वर्षं डबे एकत्र उघडले.

पंधरवड्यानं त्याचा लेथ बंद दिसला. सुपरवायझर म्हणाला, "त्यांनी सोमवारीच सही केली की. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. त्या दुपारी डबा तसाच घरी नेला.

मग एकेक करत बाकीचेही गेले.

निवडणूक आली. पूर्वी उमेदवार आमच्या गेटवर हात जोडून उभे राहायचे, आम्ही त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायचो. यंदा मी सगळ्याच पक्षांना पत्रं लिहिली, माईक लावला. एका पक्षाचा कार्यकर्ता तेवढा मोटरसायकलवरून आला. शिफ्ट सुटली. कामगार कंत्राटदाराच्या बसमध्ये चढले आणि बस निघून गेली.

"काका, तुमच्या मागं मतं किती?" त्यानं अगदी अदबीनं विचारलं.

"माझं आणि बायकोचं."

"आणि बसमधल्यांची?"

"त्यांची नावं इथल्या यादीत नाहीत."

त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली. माईकवाला माझ्याकडे बघत होता. "सुरू करू का, साहेब?"

"आवर," मी म्हणालो.

त्या रविवारी मी कलघटगीला गेलो. भांडायलाच गेलो होतो. अण्णा गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता. मला बघून त्यानं हात धोतराला पुसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

त्यानं पेंडीची पाटी म्हशीपुढं सरकवली. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबलो असतो रे."

वहिनींनी जेवूनच जा म्हणून आग्रह केला, पण मी चहा घेऊन उठलो. अण्णा स्टँडपर्यंत आला. बस सुटेपर्यंत खाली उभा होता.

महिन्याभरानं मीही सही केली. आता सकाळी आठला आंघोळ उरकून कपडे करून बसतो, मग कुठं जायचं ते कळत नाही. बायको म्हणते, कलघटगीला जाऊन या एकदा, त्यांनाही बरं वाटेल. जाईन म्हणतो. अजून गेलेलो नाही.